पुलाच्या अलीकडची बस

"बस बंद करू नका हो. तो मला मारून टाकेल."

हे वाक्य माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोर, चक्क मराठीत बोललं गेलं. समोर चाळिशीची बाई. अंगात हॉस्पिटलचे निळे कपडे, वरून लाल जाडजूड जॅकेट. मी फोनवर बायकोशी कसल्यातरी फालतू कारणावरून तणतणत होतो, ते तिनं दारातून ऐकलं असणार. मी फोन ठेवला आणि तिनं खुर्ची ओढली. रडली-बिडली नाही. म्हणाली, "दादा, तुम्ही मराठी आहात म्हणून स्पष्ट बोलले. इंग्लिशमध्ये मला हे सांगताच आलं नसतं."

मी सीमेवरच्या एका छोट्या शहरात बसगाड्यांची वेळापत्रकं लावायचं काम करतो. शहर न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्कपासून गाडीनं सात तास वर. मधून नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे कॅनडा. आधी मी खाली दक्षिणेत, अल्फारेटा गावात आयटीत होतो. ती नोकरी सोडून इकडे आलो तेव्हा तिथले मित्र म्हणाले, येडा झालास का यार, बसचं टाइमटेबल लावायला कोणी अमेरिकेत येतं का? मी म्हटलं, माझा बाप एसटीत ड्रायव्हर होता, आमच्या रक्तातच डिझेल आहे. मित्र हसले. मी गंमत करत नव्हतो.

तर त्या पुलावरून एक बस रोज ये-जा करायची. गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, खर्च दोन्ही शहरांचा अर्धा-अर्धा. पलीकडे राहून अलीकडच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या नर्सेस हीच मुख्य गिऱ्हाइकं. कित्येक वर्षं कुणाला त्या बसचं काही वाटलं नाही, कारण देशादेशांत करार होता आणि कराराच्या पोटात परवाने, विमा, ड्रायव्हरचे कागद सगळं गुमान चालायचं. मग वर मोठ्या लोकांचं बिनसलं. टॅरिफ लागलं, उलट टॅरिफ लागलं, करार राहतो की मोडतो असं रोज टीव्हीवर सुरू झालं. पलीकडच्या नगरसेवकांनी हात वर करून ठरवलं, जे आपल्याला लाथा घालतात त्यांच्याकडे आपल्या पैशानं बस कशाला? वर्षअखेर बस बंद.

माझ्या साहेबीणबाईंनी मला सांगितलं, काही पर्याय बघ. आमची गाडी पलीकडे पाठवायची म्हटली तर त्यांचा परवाना, त्यांचा विमा, आमच्या ड्रायव्हरची त्यांच्याकडची कागदपत्रं. सहा महिने तरी लागणार होते. मी साहेबीणबाईंना म्हटलं, बघतो. मनात म्हटलं, डोंबलाचं बघतो.

आणि त्याच आठवड्यात ही बाई आली.

नवरा इंजिनिअर. दोघं पलीकडे राहत होती, मूलबाळ नव्हतं. मारहाण सात वर्षांची. तिनं ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगितली. पट्टा, कुकरचं झाकण, एकदा गरम इस्त्री. गाडीची किल्ली तो स्वतःकडे ठेवतो, फोन रोज तपासतो. नोकरी तेवढी तिच्या हातात राहिली होती, कारण पगार चांगला होता आणि तो त्याला हवा होता. पण आता बस बंद होणार म्हटल्यावर तो खूश होता. म्हणायला लागला होता, बरं झालं, आता घरात बस. घरात बस म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही चोवीस तास.

"पोलिसांत जा," मी म्हटलं.

"जाईन. पण आधी अलीकडे यायचंय. एक फेब्रुवारीला हॉस्पिटलजवळ खोली मिळतेय मला, मैत्रिणीच्या घरात. माझं कामाचं परमिटसुद्धा त्या करारावरच आहे, नोकरी सुटली की तेही गेलं. एकदा खोलीत शिरले की मी बघते त्याचं काय करायचं ते. तोवर तुम्ही दुसरं काही करू नका. फक्त मला रोज अलीकडे येता आलं पाहिजे."

दुसरं काही करू नका. हे शब्द तिनं स्पष्ट उच्चारले होते. मी ते इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात बसवर दगड पडला. आमच्याच गावात, भर दुपारी, पलीकडची नंबरप्लेट बघून कुणीतरी अर्धी वीट भिरकावली. मी त्या दिवशी प्रवासी मोजायला गाडीत होतो. वीट ड्रायव्हरच्या शेजारच्या काचेतून आली, त्याच्या कानशिलावर लागली. साठीचा गडी, पांढऱ्या मिशा, त्यातून रक्ताची धार. त्यानं ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बाहेर दोघंतिघं आरडाओरडा करत होते, तुमच्या देशात परत जा म्हणत होते. एकानं दारावर लोखंडी पाइप मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दाराची काच फुटून आत आली. नर्सेस सीटखाली वाकल्या. माझं डोकं फिरलं. मी दार ढकलून खाली उतरणार, तेवढ्यात मागून माझं जॅकेट कुणीतरी धरलं. तीच. तिच्या केसांत काचा होत्या, मांडीवर काचा होत्या, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"बसा दादा खाली," ती म्हणाली. "हे काहीच नाही."

पोलिसांचा भोंगा ऐकून ती माणसं पळाली. मला मात्र दिवसभर कुणालातरी धरून ठोकावंसं वाटत होतं. माझ्या हाताला असं शिवशिवायची सवय लहानपणापासून आहे.

माझा बाप कोल्हापूर-बेळगाव गाडी चालवायचा. आमच्याकडे सीमेचा वाद पेटला की पहिला मार एसटीला. मी सहावीत असताना बापाच्या गाडीत मागं बसलो होतो, निपाणीच्या पुढं गाडी अडवली. बापाला ड्रायव्हरच्या दारातून पाय धरून खेचला, तोंडाला काळं ऑइल फासलं आणि त्याच्याच गाडीतला व्हीलपाना घेऊन त्याच्या गुडघ्यावर घातला. मी ओरडलोसुद्धा नाही. एका बाईनं मला पदराखाली घेतलं होतं. पलीकडच्यांनी आमच्या गाड्या फोडल्या की अलीकडच्यांनी त्यांच्या फोडायच्या, असं चाललेलं. मग काय व्हायचं, दोन्हीकडच्या गाड्या सीमेच्या नाक्यापर्यंतच यायच्या. आमची गाडी अलीकडे थांबणार, त्यांची पलीकडे. मधलं अंतर लोक बोचकी डोक्यावर घेऊन चालत जायचे आणि समोरच्या राज्याच्या गाडीत बसायचे. कुठल्या सरकारनं ते ठरवलं नव्हतं. दोन्हीकडचे कंडक्टर एकमेकांना हात करायचे, माणसं आली का रे सगळी, मग घंटी द्यायचे. लग्नाची वऱ्हाडं गेली तशी, बाळंतिणी गेल्या. गाडी सीमा ओलांडत नसेल तर नसू दे, माणसानं ओलांडावी.

हे मला आंघोळ करताना आठवलं. ओल्या अंगानं बाहेर येऊन मी पलीकडे माझ्यासारखंच वेळापत्रक लावणाऱ्या शेड्युलरला फोन लावला. आमच्या पुलाला पायवाट आहे. उन्हाळ्यात पर्यटक फोटो काढत चालतात, हिवाळ्यात कुत्रं नसतं. मी म्हटलं, तुझ्या गावातली रोजची बस पुलाच्या तोंडापर्यंत येतेच. माझी बस मी अलीकडच्या तोंडाशी उभी करतो. तुझी सहा वाजता पोचली की बाया पूल चालतील, मधे पासपोर्ट दाखवतील, साडेसहाला माझ्या गाडीत बसतील. कुणाची गाडी कुणाच्या देशात जात नाही, मग परवाना कसला आणि विमा कसला? तो माणूस भला होता. म्हणाला, इतकं सोपं कसं असेल? मी म्हटलं, अरे बाबा, आमच्याकडे शिव्या देत देत अख्खी जिंदगी हेच केलंय.

साहेबीणबाईंना पटवायला मला दोन मीटिंगा लागल्या. थंडी, बर्फ, कुणी घसरून पडलं तर कोर्टकचेरी. दुसऱ्या मीटिंगमध्ये मी टेबलावर मूठ आपटली, कुणाचीतरी कॉफी सांडली. नंतर माफी मागितली. पण दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात तसं, काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं करून त्यांनी सही केली. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी माझी गाडी पुलाच्या अलीकडे उभी राहिली. बारा बाया चालत आल्या. नाकं लाल, पापण्यांवर बर्फ. सगळ्यात पुढे लाल जॅकेट.

घरी तिनं सांगितलं होतं, अमेरिकेतली नोकरी सुटली, इथल्याच एका स्टोअरमध्ये लागले. नवऱ्यानं विश्वास ठेवला. बस बंद झाल्याचं त्यानं पेपरात वाचलंच होतं, आणि त्या थंडीत कुणी पूल चालेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. पगार कमी झाला म्हणून तो अधूनमधून हात उचलायचा, तो तिनं सोसला. "आता पंचवीस दिवस," गाडीत चढताना ती मला म्हणायची. मग वीस. मग सोळा. पहिला महिना मी रोज सकाळी पुलाशी हजर असायचो, वेळा टिपायला. खरं सांगायचं तर तिचा आकडा ऐकायला.

दहा दिवस उरलेले असताना ती आली तेव्हा खालचा ओठ फाटला होता आणि एक डोळा मिटला होता. चालताना हात बरगडीवर दाबून धरलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "दहा." आणि आत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शनिवारी आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही पुरुष खुर्च्या एकावर एक रचत होतो. शेजारी आमचे काका. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आलेले सर्जन, आता रिटायर्ड, गावातल्या सगळ्या मराठी लोकांचे काका. मंडळातली वर्गणीची भांडणं, भावाभावांची भांडणं, दोन डायव्होर्स, सगळं त्यांनी चहावर मिटवलेलं. मी त्यांना सांगून टाकलं.

काकांनी खुर्ची खाली ठेवली. "पोलिस-बिलिस काही करू नकोस. आपला मुलगा आहे, शिकलेला आहे. चार माणसांत बसून समजूत काढू. उद्याच जाऊ."

"ती नको म्हणालीय काका."

"बायका नको म्हणतातच रे. उद्या ती घरी असते का?"

"नाही. कामावर असते."

"मग उत्तम. बायकोसमोर पुरुषाला बोललं की तो चिडतो."

आणि मी हो म्हणालो. वडीलधारं माणूस, इतकी वर्षं सगळ्यांचं मिटवतंय, आपण कोण? असंच करतात आपल्याकडे. माझ्या आतेबहिणीचं असंच मिटवलं होतं, शेजारच्या वहिनींचं असंच मिटवलं होतं. तिला विचारायचं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारलं नसतं.

रविवारी दुपारी मी गाडी काढली, काकांना घेतलं, पूल ओलांडला. पत्ता काकांनी मंडळाच्या यादीतून काढला होता. घर झकास. चपला ओळीत, देवापाशी उदबत्ती. नवरा चांगला उंच, चष्मेवाला, बोलायला मधाळ. काकांना वाकून नमस्कार केला. स्वतः चहा केला, चिवडा दिला, वड्या दिल्या. मी त्याचे हात बघत होतो. नखं स्वच्छ कापलेली.

काकांनी सुरुवात केली. घरोघरी मातीच्या चुली, संसारात भांड्याला भांडं लागतं, पण हात उचलणं बरं नव्हे. तो मान खाली घालून ऐकत होता. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. "चुकतं काका माझं. कामाचं टेन्शन असतं. पण तिचंही बघा ना. चांगली नोकरी होती, बस बंद झाली तर लगेच सोडून दिली. काही प्रयत्न नाही, धडपड नाही. आता स्टोअरमध्ये डबे लावते, तेही झेपत नाही. घरी आली की झोपते. आळशी आहे हो मुळातच. मी एकट्यानं किती ओढायचं?"

"आळशी?" मी म्हटलं.

तिथं थांबायला हवं होतं मी. माझा बाप म्हणायचा, तुझ्या जिभेला हाड नाही. नसतंच कुणाच्या, पण माझ्या जिभेला लगामही नाही. उचलली आणि लावली टाळ्याला.

"आळशी म्हणतोस? अरे, रोज पहाटे त्या मरणाच्या थंडीत पूल चालत येते ती! एक दिवस चुकली नाही! तू चालून दाखव रे एकदा, भडव्या!"

काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ते शिवीमुळे दचकले होते, बाकीचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याच्या लक्षात आलं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. आणि हसला. "घ्या ना दादा, चिवडा घ्या अजून. तुम्ही काही घेतलंच नाही."

मग त्यानं काकांच्या पायांवर डोकं ठेवून शब्द दिला, पुन्हा हात लावणार नाही. काकांनी त्याला उठवून जवळ घेतलं. मी चिवडा खाल्ला. होय, खाल्ला. नाही म्हटलं तर त्याला कळेल असं मला वाटलं. त्याला कळून चुकलं होतं आणि मी चिवडा खात बसलो होतो.

परत येताना गाडीत मी काकांना म्हटलं, "काका, मी बोलायला नको होतं. पुलाचं त्याला माहीत नव्हतं."

"असू दे रे. शब्द दिलाय त्यानं. पाया पडलाय माझ्या."

"ती आत्ता हॉस्पिटलातच आहे. जाऊन सांगू का?"

"उगाच घाबरवतोस कशाला पोरीला? आज घरी गेल्यावर बघेल, नवरा बदललेला असेल." आणि त्यांनी सीट मागं करून डोळे मिटले.

हॉस्पिटलचा फाटा आमच्या रस्त्यावरच लागतो. सिग्नल लाल होता. मी थांबलो. उजवीकडे वळायचं, दोन मिनिटं गाडी लावायची, वर जायचं आणि सांगायचं, ताई, मी माती खाल्ली, आज घरी जाऊ नका. एवढंच होतं. मला लाज वाटली. ती माझ्याकडे कशी बघेल, तेवढाच विचार डोक्यात होता. दिवा हिरवा झाला आणि मी सरळ गेलो.

सोमवारी मी सहालाच पुलाशी जाऊन उभा राहिलो. अंधार होता, वारा असा की डोळ्यांतून पाणी. पायवाटेवरचे दिवे लागलेले. सव्वासहाला बाया दिसायला लागल्या, एकामागून एक. लाल जॅकेट सगळ्यात मागं होतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, काका बरोबर होते. मग तिच्या मागं, पाचपन्नास पावलांवर, एक उंच माणूस दिसला. पळत नव्हता. शांतपणे चालत होता. फिरायला निघाल्यासारखा.

मी ओरडलो. वाऱ्यात काय ऐकू जाणार? मी पळत सुटलो. फिरतं फाटक ढकललं, आत बसलेला पासपोर्ट तपासणारा अधिकारी मागून ओरडत होता, थांब, थांब. मी अर्ध्यात पोचायच्या आधीच त्यानं तिला गाठलं होतं. त्यानं मागून तिच्या केसांना धरलं, मुठीत पीळ दिला आणि तिचं डोकं कठड्याच्या लोखंडावर आपटलं. तो आवाज मला ऐकू आला. वाऱ्यातूनही आला. दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा कानाची बाजू खाली आली. ती पडली. मग त्यानं बुटांनी सुरुवात केली. बरगडीत, खांद्यावर, परत बरगडीत. त्याचा चष्मासुद्धा हलला नव्हता. तोंडानं तो काहीतरी बोलत होता, सावकाश, शिकवणी घेतल्यासारखा.

मी त्याच्या अंगावर पडलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. चष्मा माझ्या मुठीखाली फुटला. त्याचं नाक मोडलं ते हाताला जाणवलं. त्याचे दात माझ्या बोटांच्या सांध्यात रुतले, ती खूण अजून आहे. तो खाली पडला, हात वर करून नको नको म्हणायला लागला, आणि मी थांबलो नाही. हे मी कोर्टातही सांगितलं नाही, इथं सांगतो. तो हलायचा बंद झाला तरी मी मारत होतो. आणि मला बरं वाटत होतं. लोकांना वाटतं मी तिच्यासाठी मारत होतो. छे! माझ्या तोंडातून रविवारी जे बाहेर पडलं होतं ते त्याच्या तोंडात परत कोंबत होतो मी.

दोन्ही बाजूंचे पोलिस आले. मला पालथा पाडला, गुडघा पाठीवर, गाल बर्फावर. पुलाच्या मध्यावर दोन देशांची रेषा आहे, आम्ही रेषेच्या जरासे पलीकडे होतो आणि तिचे पाय अलीकडे होते. तेवढ्यावरून त्यांच्यात कुणाची हद्द, कुणाची ॲम्ब्युलन्स, असं बोलणं सुरू झालं. मी जमिनीवरून मराठीत ओरडत होतो, अरे उचला तिला, मुडद्यांनो, उचला आधी! बाकीच्या नर्सेस मागं धावत आल्या. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. दोघींनी तिची मान धरली, चौघींनी अंग, आणि तिला माझ्या बसमध्ये नेलं. ड्रायव्हरनं गाडी तडक हॉस्पिटलात घातली.

पुलावरच्या कॅमेऱ्यानं मला वाचवलं. संध्याकाळपर्यंत सोडलं, पुढं केसही फार चालली नाही. नवरा तुरुंगात गेला. मंडळाच्या ग्रुपवर माझं कौतुक सुरू झालं. वाघ आहे वाघ, असं कुणीतरी लिहिलं, खाली पन्नास अंगठे. काकांनी फोन केला आणि म्हणाले, नशीब, दुसरं काय. आपण रविवारी गेलो होतो ते कुणाला बोलू नकोस, उगाच फाटे फुटतात. मी म्हटलं, नाही बोलत.

तिसऱ्या दिवशी तिला भेटायला देत होते. बायकोनं वरणभाताचा डबा दिला होता. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, तीन बरगड्या, चेहरा ओळखू येत नव्हता. उजव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आतली नसही गेली होती, त्या कानानं आता कधीच ऐकू येणार नाही, असं नर्सनं मला बाहेरच सांगितलं होतं. मी तिच्या डाव्या बाजूला स्टूल घेतलं. ती जागी होती.

"ताई," मी म्हटलं, "आता सगळं संपलं. खोली आहे, नोकरी आहे. परमिटचं आमच्या साहेबीणबाई बघतायत. तुम्ही फक्त बऱ्या व्हा."

ती छताकडे बघत होती.

गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की तिला काही माहीत नाही. "त्याला पुलाचं कळलं तरी कसं, देव जाणे," मी म्हणालो. "कुणीतरी पाहिलं असणार तुम्हाला."

तिनं मान वळवली. एकच डोळा उघडा होता, त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ सुजलेले, शब्द हळूहळू आले.

"पुलावर मारताना तो काय म्हणत होता सांगू? म्हणत होता, तुझा तो बसवाला फार चांगला माणूस आहे. त्याला खोटं बोलता येत नाही."

मग मी भडाभडा बोलत सुटलो. रविवार, चिवडा, काका, तो लाल सिग्नल, सगळं. मी खाली मान घालून सांगत होतो. वर बघितलं तेव्हा ती डोळा मिटून डाव्या कुशीवर वळली होती, त्या मोडक्या बरगड्यांवर, डावा कान उशीत घट्ट दाबून.